डबा आधी, फळी नंतर
घरगुती स्वयंपाकघरातील साठवणीचे नियोजन

घर बांधताना किंवा विकत घेताना दिवाणखान्याच्या रंगावर जेवढी चर्चा होते, तेवढी स्वयंपाकघरातील फळ्यांवर क्वचितच होते. वास्तविक घरातील सर्वाधिक वस्तू, सर्वाधिक वजन आणि सर्वाधिक हालचाल यांचा भार याच लहानशा खोलीवर पडत असतो. दिवसातून शेकडो वेळा तेथे हात वर जातो, कंबर वाकते, झाकण उघडते. त्यामुळे तेथील मांडणी चुकली, तर तिची किंमत एकदाच नव्हे, तर रोज मोजावी लागते.

बँकेच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या एखाद्या कुटुंबाचे चित्र या संदर्भात डोळ्यांपुढे आणावे. तीस वर्षांत भोपाळ, कोलकाता, चेन्नई अशा बदल्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी भाड्याचे घर किंवा बँकेची सदनिका मिळाली आणि गृहिणीने दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्याच कुणाच्या उंचीसाठी ठोकलेल्या फळ्यांवर आपला संसार मांडला. आता निवृत्ती जवळ आली आहे. नाशिकला स्वतःचे घर झाले आहे. आठ फूट बाय सात फुटांचे स्वयंपाकघर रिकामे आहे आणि निवृत्तीच्या रकमेतील काही भाग त्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे. हा खर्च पुन्हा होणार नाही. पुढची वीस वर्षे, म्हणजे गुडघे आणि खांदे हळूहळू थकत जाण्याचा सगळा काळ, याच ओट्यापुढे जायचा आहे.

अशा वेळी बहुतेक कुटुंबे प्रथम दुकानात जातात. तेथील चकचकीत कपाटे पाहतात, एक नमुना पसंत करतात आणि घरी आल्यावर आपले डबे त्या कपाटात बसवण्याची खटपट करतात. हा क्रम उलटा आहे. काय ठेवायचे, ते किती आहे, ते किती वेळा लागते आणि ते कोण काढणार, हे आधी ठरले पाहिजे. फळीची निवड त्यानंतर. प्रस्तुत लेखात याच क्रमाने विचार केला आहे.

शिंक्यापासून ट्रॉलीपर्यंत

जुन्या मराठी घरात कपाटे कमी होती. पण साठवणीचा विचार पक्का होता. मांजरापासून दूध-लोणी वाचवण्यासाठी शिंके, वर्षाच्या धान्यासाठी कणगी, एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड, लोणच्यासाठी चिनी मातीच्या बरण्या, रोजच्या वस्तूंसाठी भिंतीतील कोनाडा आणि फडताळ. प्रत्येक वस्तूची जागा तिच्या स्वभावावरून ठरलेली असे. जड कणगी जमिनीवर, नाशवंत दूध हवेशीर शिंक्यात, बरणी अंधाऱ्या थंड कोपऱ्यात. पुढे शहरात पितळी डब्यांची जागा स्टेनलेस स्टीलने घेतली, भिंतीवर भांड्यांची मांडणी आली, ओट्याखाली कडप्प्याचे खण आले आणि त्यानंतर चाकांवर सरकणारी ट्रॉली आली.

स्वयंपाकघराचा शास्त्रीय विचार करून बांधलेल्या नमुन्यांमध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या स्वयंपाकघराचा उल्लेख नेहमी होतो. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ मध्ये नगरपालिकेच्या घरांसाठी त्याचा आराखडा केला आणि पुढे असे सुमारे दहा हजार ओटे बांधले गेले. खोली अवघी १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. तिच्यात पीठ, साखर, तांदूळ यांसाठी नावे लिहिलेले अॅल्युमिनियमचे ओढते खण होते. काम करताना किती पावले चालावी लागतात याचा अभ्यास करून प्रत्येक वस्तूची जागा ठरवलेली होती. मात्र ही खोली एकाच व्यक्तीने काम करावे अशी होती. दोघांना तेथे वावरणे अवघड जाई. गुण आणि उणीव दोन्ही लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

आपल्याकडे नॅशनल बिल्डिंग कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत, जेवणाची जागा स्वतंत्र असल्यास स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि किमान १.८ मीटर रुंद असावे असे सांगितले आहे. नाशिकच्या आपल्या कुटुंबाची खोली सुमारे ५.२ चौरस मीटर, म्हणजे या किमान मर्यादेच्या जवळपास आहे. एवढ्या जागेत सर्व काही मावते. परंतु विचार न करता ठेवलेले मावत नाही.

आधी गणती

पहिले काम वही आणि पेन्सिल घेऊन करायचे आहे. एखाद्या रविवारी स्वयंपाकघरातील प्रत्येक वस्तू बाहेर काढावी आणि तिची नोंद करावी. बँकेच्या वाचकांना परिचित असलेल्या भाषेत सांगायचे, तर प्रत्येक वस्तू पुढील चारपैकी एका खात्यात घालावी.

पहिले चालू खाते. येथे रोज उलाढाल होते. चहा, साखर, मीठ, मसाल्याचा डबा, तेल, कणीक, तांदूळ, रोजची पातेली, तवा, कढई, कुकर. या वस्तू एका जागी उभे राहून, न वाकता किंवा फार तर एक पाऊल सरकून हाताशी आल्या पाहिजेत.

दुसरे बचत खाते. आठवड्यातून एक-दोनदा लागणाऱ्या वस्तू. कडधान्ये, पोहे, रवा, साबुदाणा, मिक्सरची जादा भांडी, पाहुण्यांची ताटे. यांच्यासाठी थोडे वाकावे किंवा हात उंचवावा लागला तरी चालते.

तिसरी मुदत ठेव. वर्षातून काही वेळाच लागणाऱ्या वस्तू. मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, मोठी परात, उन्हाळ्यात केलेले पापड आणि कुरडया. यांची जागा पोटमाळ्यावर किंवा ओट्याच्या कोपऱ्यातील अडचणीच्या खणात असावी.

चौथे खाते निष्क्रिय. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने कोणताही व्यवहार केला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते बँक खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे दावा न झालेली रक्कम २०१४ पासून अस्तित्वात असलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होते. हाच नियम भांड्यांना लावण्यास हरकत नाही. दोन वर्षांत ज्याला हात लागला नाही, ते भांडे नव्या फळीवर जागा मागू शकत नाही. खातेदाराला जशी निधीतूनही आपली रक्कम परत मागता येते, तसे आईच्या हातचे पितळी घंगाळे परत मागण्याचा हक्क गृहिणीने जरूर राखून ठेवावा; पण भेट म्हणून आलेले चौथे कॅसरोल निरोप घेण्यास योग्य आहे.

या गणतीनंतर अनेक घरांत एक गोष्ट दिसते. जागा कमी नव्हती, निष्क्रिय खाती अधिक होती. दोन खणांचा खर्च तेथेच वाचतो.

वजन आणि आकारमान

गणतीचा दुसरा भाग मापाचा आहे. किराणा किलोत येतो. पण डबा लिटरवर ठरतो. या दोहोंतील फरक लक्षात न घेतल्याने पिशवीत उरलेले अर्धा-अर्धा किलो सामान रबर लावून कोपऱ्यात जाते आणि तेथेच त्याला कीड लागते.

एक लिटर मापात साधारणपणे ८०० ग्रॅम तांदूळ किंवा डाळ मावते, कणीक मात्र ५०० ते ६०० ग्रॅमच मावते. म्हणून पाच किलो तांदळाला सहा ते साडेसहा लिटरचा डबा पुरतो, तर तेवढ्याच कणकेला नऊ ते दहा लिटरचा डबा लागतो. पोहे आणि कुरमुरे तर वजनाने हलके असून जागा भरपूर घेतात. डबा नेहमी आणल्या जाणाऱ्या मापापेक्षा थोडा मोठा असावा, म्हणजे नवे सामान आल्यावर पिशवी उरत नाही.

जुने सामान तळाशी राहून वरचेवर नवे वापरले जाणे, हा साठवणीतील सर्वांत मोठा अदृश्य तोटा आहे. गोदामात पाळला जाणारा नियम घरीही पाळावा. आधी आलेला माल आधी संपवावा. त्यासाठी नवे सामान भरण्यापूर्वी डबा रिकामा करून, पुसून, कोरडा करावा, नवे खाली आणि जुने वर भरावे. डब्यावर भरल्याची तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावण्यास अर्धे मिनिट लागते.

हात, कंबर आणि नजर

यानंतर ज्या व्यक्तीला काम करायचे आहे, तिचे माप घ्यावे. कपड्यासाठी शिंपी माप घेतो. ओट्यासाठी मात्र कोणी घेत नाही.

उभे राहून कोपरात हात काटकोनात दुमडावा. कोपरापासून साधारणपणे १० ते १५ सेंटिमीटर खाली ओट्याची उंची असावी. पाच फूट उंचीच्या व्यक्तीसाठी ती ३२ ते ३४ इंचांच्या आसपास येते. पाच फूट आठ इंच उंचीच्या व्यक्तीला तोच ओटा वाकायला लावतो. घरात दोघेही काम करणार असतील, तर अधिक वेळ काम करणाऱ्याचे माप धरावे. दुसऱ्यासाठी भाजी चिरण्याचा जाड पाट ओट्यावर ठेवला, तरी दीड-दोन इंचांचा फरक भरून निघतो.

फळ्यांसाठी ओट्यापुढे उभे राहावे आणि भिंतीवर पेन्सिलने तीन खुणा कराव्यात. पहिली नजरेच्या पातळीवर, दुसरी खांद्याच्या पातळीवर आणि तिसरी टाचा न उचलता बोटांनी डबा उचलता येईल त्या पातळीवर. ओट्याच्या दोन फूट खोलीमुळे ही तिसरी खूण अपेक्षेपेक्षा बरीच खाली येते. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यात जड वस्तू ठेवाव्यात. खांद्याच्या वर केवळ हलक्या आणि न फुटणाऱ्या वस्तू असाव्यात. तिसऱ्या खुणेच्या वर रोजचे काहीही नसावे.

हा नियम सोयीपुरता नाही. माळ्यावरचा साखरेचा डबा काढण्यासाठी प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढणे, ही आपल्या घरांतील नित्याची बाब आहे. एका हातात डबा, दुसरा हात झाकणावर, पायाखाली ओली फरशी. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असताना अशा एका घसरण्याने खुब्याचे हाड मोडते आणि माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. ज्या फळीसाठी साठीच्या व्यक्तीला रोज स्टूल लागते, ती फळी फुकट मिळाली तरी महाग पडते.

ओट्याखालची बाजूही अशीच तपासावी. तेथील खण दोन फूट खोल असतात. साध्या फळीवर मागची पातेली काढण्यासाठी गुडघे टेकून, पुढची पातेली बाहेर काढावी लागतात. ओढता खण किंवा ट्रॉली पूर्ण बाहेर येते आणि मागची वस्तू वरूनच दिसते. याउलट ओट्यावरच्या भिंतीवरील फळी फक्त एक फूट खोल असते. तेथे सर्व काही समोरच असते, ओढत्या खणाची गरज नसते. यावरून खर्चाचा एक साधा नियम निघतो. पैसे ओट्याखाली खर्च करावेत, ओट्यावर वाचवावेत.

फळी किती भार सोसते?

एक मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर खोल फळीवर २० सेंटिमीटर व्यासाचे पाच डबे बसतात. डबा २५ सेंटिमीटर उंच असेल तर त्याचे आकारमान पावणेआठ लिटरच्या आसपास आणि त्यात तांदूळ सव्वासहा किलो. पाच डब्यांचे ३१ किलो. रिकाम्या डब्यांचे वजन धरून हा भार ३५ किलोंच्या घरात जातो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर सुमारे ३० किलोंचा असतो. म्हणजे डोक्यावरच्या एका फळीवर भरल्या सिलिंडरहून अधिक वजन वर्षानुवर्षे ठेवले जाते. फळी घेताना ही गोष्ट कोणीही बोलून दाखवत नाही.

फळी वाकण्याचे गणित ध्यानात घेण्यासारखे आहे. फळीभर सारख्या दाटीने डबे ठेवलेले असता, दोन आधारांमधील अंतर दुप्पट केल्यास मधला झोल सोळा पट होतो. जाडी मात्र दीडपट केली, म्हणजे १२ मिलिमीटरऐवजी १८ मिलिमीटर घेतली, तर ताठपणा सुमारे ३.४ पट वाढतो. दोन्ही उपाय उपयोगी आहेत. परंतु आधार जवळ घेण्याचा लाभ कितीतरी अधिक आहे. लांब फळीच्या मध्यावर एक उभी पट्टी किंवा एक कोन दिला, तर अतिशय थोड्या खर्चात झोल सोळाव्या भागाहूनही कमी होतो. अडीच-तीन फुटांहून अधिक लांब फळी आधारावाचून ठेवू नये.

फळी मजबूत असली तरी ती भिंतीला किती धरून आहे, हा वेगळा प्रश्न आहे. पक्क्या विटांच्या भिंतीत साधा प्लग आणि स्क्रू चांगला बसतो. नव्या इमारतींमध्ये हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती असतात. त्या सच्छिद्र असल्याने साधा प्लग सैल होतो आणि त्यांच्यासाठी खास प्रकारचा अँकर वापरावा लागतो. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या इमारतींमध्ये भिंतीच इमारतीचा भार पेलत असतात. तेथे भोक पाडता येते. पण कपाट आत बसवण्यासाठी भिंत कोरणे किंवा तोडणे धोक्याचे असते. आपली भिंत कोणत्या प्रकारची आहे, हे बांधकाम व्यावसायिकाकडून लेखी विचारून घ्यावे आणि ते उत्तर कारागिराला दाखवावे.

साहित्याची निवड

कडप्पा हा आपल्याकडचा जुना आणि विश्वासू पर्याय आहे. आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाणारा हा काळा दगड म्हणजे चुनखडीचा प्रकार होय. त्याला वाळवी लागत नाही, पाण्याने तो फुगत नाही आणि त्याची किंमत आवाक्यात असते. त्याचे दोष दोन. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचे आम्ल सांडून राहिले तर डाग पडतो. दुसरे म्हणजे तो वजनदार असतो. एक मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड फळीचे वजन सुमारे २० किलो होते. लाकूड मोडण्यापूर्वी वाकून सूचना देते. दगड देत नाही. म्हणून कडप्प्याची जागा ओट्याखाली, उभ्या कडप्प्याच्या आधारावर असावी. सिंकखालच्या नेहमी ओल्या राहणाऱ्या खणासाठी त्याच्यासारखा पर्याय नाही.

प्लायवूड घेताना त्यावरील अक्षरे वाचावीत. एमआर म्हणजे हवेतील दमटपणा सोसणारे. ते पाणी सोसत नाही. बाजारात यालाच कमर्शियल प्लाय म्हणतात. बीडब्ल्यूआर हे त्याहून अधिक ओल सोसते. बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरणारे. मरीन प्लाय या वर्गातील असून त्याचे भारतीय मानक आयएस ७१० हे आहे. खरेदी करताना प्रत्येक पत्र्यावरील मानकचिन्ह पाहावे आणि तीच अक्षरे पावतीवरही लिहून घ्यावीत. सगळीकडे सर्वांत महाग प्लाय वापरण्याची गरज नाही. ओट्याखाली आणि सिंकच्या शेजारी बीडब्ल्यूपी, वरच्या कोरड्या कपाटांना बीडब्ल्यूआर, अशी विभागणी केली तरी पुरते. लाकडाचा भुसा व कपचे दाबून केलेले पार्टिकल बोर्ड स्वस्त पडते. परंतु कडेने पाणी शिरले की ते फुगते आणि एकदा निसटलेला स्क्रू त्यात पुन्हा घट्ट बसत नाही. प्लाय कोणताही असो, त्याची प्रत्येक उघडी कड, मागची आणि खालचीही, पट्टी लावून बंद झाली पाहिजे. ओल नेहमी न दिसणाऱ्या कडेनेच शिरते.

स्टेनलेस स्टीलच्या मांडण्या आणि ट्रॉलीच्या जाळ्या दोन मुख्य प्रकारांत येतात. ३०४ प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ प्रकारात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. त्यामुळे ते स्वस्त पडते, पण खाऱ्या आणि दमट हवेत लवकर गंजते. लोहचुंबक लावून स्टील पारखण्याची पद्धत येथे उपयोगाची नाही, कारण चुंबक या दोन्ही प्रकारांना सहसा चिकटत नाही. म्हणून पावतीवर प्रकाराचा आकडा लिहून घेणे हाच खरा उपाय. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई अशा समुद्रकाठच्या ठिकाणी हा फरक दोन-तीन पावसाळ्यांत डोळ्यांना दिसू लागतो.

ओल, उष्णता आणि वायू

मसाले गॅसच्या वर किंवा अगदी शेजारी ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. उष्णता, वाफ आणि प्रकाश हे मसाल्याच्या सुगंधाचे तीन शत्रू आहेत. हाताशी लागणारा मसाल्याचा डबा जवळच्या खणात असावा आणि त्यात आठवड्यापुरतेच भरावे. उरलेला मसाला दूरच्या, अंधाऱ्या आणि कोरड्या फळीवर असावा. बटाटे अंधारात आणि हवेशीर जाळीत ठेवावेत, कारण उजेडात ते हिरवे पडतात आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. कांद्यांची जाळी त्यांच्यापासून वेगळी असावी.

न्हाणीघर ज्या भिंतीच्या पलीकडे आहे, तिला लागून धान्य ठेवू नये. कपाट भिंतीला अगदी चिकटवू नये आणि ओट्याखालचे कपाट जमिनीपासून सुमारे चार इंच वर पायांवर उभे करावे. त्यामुळे फरशी धुताना पाणी आत जात नाही, झाडू फिरतो आणि वाळवीची वाट वेळीच नजरेस पडते.

सिलिंडर डोळ्यांआड करण्याचा मोह मात्र आवरावा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो द्रवरूप वायू असतो. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने गळती झाल्यास तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. घट्ट दाराच्या कपाटात सिलिंडर ठेवला, तर तो वायू आतच कोंडतो आणि वासही उशिरा येतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला दार नसावे किंवा दाराच्या तळाशी मोठी जाळी असावी. तो खण मोकळ्या हवेशी जोडलेला असावा, त्यात विजेचे बटण किंवा जोडणी नसावी आणि रेग्युलेटरपर्यंत हात सहज पोहोचावा. सिलिंडर उभाच ठेवावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचीवर असावी. नळाने येणारा नैसर्गिक वायू उलट हवेपेक्षा हलका असतो. तेथे वरच्या बाजूची खिडकी किंवा झरोका कपाटाने झाकू नये, तसेच नळीची चावी फर्निचरमागे जाऊ देऊ नये. सिलिंडरच्या वायूचा वास आल्यास कोणत्याही बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे.

बदलीच्या नोकरीतील स्वयंपाकघर

ज्यांची निवृत्ती दूर आहे आणि ज्यांना तीन-चार वर्षांनी सामान बांधायचे आहे, त्यांच्यासाठी विचार थोडा निराळा आहे. भाड्याच्या घरात भिंतीवर केलेला खर्च घरमालकाकडेच राहतो. तेथे नटबोल्टची, सुटी करता येणारी मांडणी आणि एकसारख्या मापाचे चौकोनी डबे ही खरी मालमत्ता होय. गोल डब्यांपेक्षा चौकोनी डबे तेवढ्याच फळीवर अधिक सामान घेतात आणि खोक्यात भरतानाही कमी जागा खातात. उभ्या मांडणीचा तळ जड वस्तूंनी भरावा आणि तिचे वरचे टोक एका कोनाने भिंतीला बांधावे, म्हणजे मुलांनी ओढली तरी ती कलंडणार नाही. भिंतीत भोके पाडण्यापूर्वी घरमालकाची संमती घ्यावी.

खर्चाचा हिशेब

गणती, माप आणि साहित्य ठरल्यानंतरच दरपत्रके मागवावीत. किमान तिघांकडून आणि एकाच आराखड्यावर. कोणी रनिंग फुटाचा दर सांगतो, कोणी चौरस फुटाचा. दोन्ही एका मापात आणल्याशिवाय तुलना करू नये. दरात चॅनेल, बिजागऱ्या, जाळ्या, कर, वाहतूक आणि बसवण्याची मजुरी धरलेली आहे की नाही, हे स्पष्ट विचारावे. ओढत्या खणाच्या चॅनेलची भारक्षमता कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेली असते; ती आपल्या भांड्यांच्या वजनाशी ताडून पाहावी. हमी तोंडी नको, कागदावर हवी. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी आणि शेवटचा हप्ता सर्व खण भरून, उघडून, मिटवून पाहिल्यावरच द्यावा.

कर्ज काढायचे असल्यास एक साधे तत्त्व पुरेसे आहे. हप्ते फळीच्या आयुष्यापेक्षा लांबू नयेत. सिंकखालचा प्लाय पाच वर्षांत फुगला आणि हप्ते सातव्या वर्षापर्यंत चालू राहिले, तर ती रक्कम कोणत्या वस्तूसाठी भरली जात आहे हेच कळेनासे होते. निवृत्तीच्या रकमेतून खर्च करणाऱ्यांनी काम दोन टप्प्यांत करावे. आधी ओटा, फळ्या आणि ओट्याखालचे खण करून घ्यावेत. जाळ्या, कप्पे, कोपऱ्यातील फिरत्या ट्रॉलीसारख्या वस्तू तीन महिने त्या खोलीत वावरल्यानंतर घ्याव्यात. तोपर्यंत त्यांपैकी निम्म्या नको असल्याचे बहुधा लक्षात येते. तसेच एकूण जागेचा पाचवा हिस्सा पहिल्या दिवशी मोकळा ठेवावा. हाती शिल्लक नसलेला संसार जसा पहिल्याच अडचणीत कोलमडतो, तशीच काठोकाठ भरलेली फळी पहिल्याच दिवाळीत विस्कटते.

नाशिकच्या त्या कुटुंबाने हा क्रम पाळला, असे समजू. खर्च दुकानातील पहिल्या नमुन्यापेक्षा कमी झाला. वरच्या फळ्या साध्या राहिल्या, खालचे खण ओढते झाले. माळ्यावर केवळ मोदकपात्र आणि सोऱ्या गेला. सिलिंडर जाळीमागे उघडा राहिला. तो दिसायला थोडा खटकतो, परंतु त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

तीस वर्षे बदलत्या घरांत हिंगाची डबी शोधणाऱ्या हाताला आता ती न पाहता सापडते. निवृत्त झालेले गृहस्थ सकाळचा चहा स्वतः करतात आणि साखर कुठे आहे, असे विचारत नाहीत. स्टूल मात्र घरातच आहे. त्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली आहे.